संकेतस्थळ रचण्याचा छंद



पोटासाठीं करावें लागणारें काम एक असतें, आणि कोणीं सांगितलेलें नसतां मनुष्य जें करूं लागतो तें काम दुसरें असतें. पहिल्यावरून त्याची मिळकत कळते, दुसऱ्यावरून त्याची आवड कळते. टपालाचीं तिकिटें जमविणारे, जुनीं नाणीं पारखणारे, गच्चीवर गुलाबाचीं कलमें लावणारे, रात्रीं दुर्बीण घेऊन तारे पाहणारे असे नाना प्रकारचे छंदी लोक आपल्या ओळखीचे असतात. या जुन्या मंडळींत अलीकडे एका नव्या छंदाची भर पडली आहे, आणि साठी उलटल्यावर मलाही तो जडला आहे. स्वतःचें संकेतस्थळ, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यांत वेबसाइट म्हणतों तें, स्वतःच्या हातानें रचावयाचें, आणि तेंही केवळ हौसेखातर, असा हा छंद आहे. त्याविषयीं चार शब्द सांगण्याचा आज माझा विचार आहे.

संकेतस्थळ म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रेल्वेचें आरक्षण, बँकेचा व्यवहार, विजेचें बिल किंवा एखादें मोठें दुकान उभें राहतें. तीं संकेतस्थळें कंत्राटानें बांधलेलीं असतात. त्यांना मालक असतो, नोकरवर्ग असतो आणि गिऱ्हाईकही असतें. मला अभिप्रेत असलेलें संकेतस्थळ याहून अगदीं निराळें आहे. तें एका माणसाचें असतें, आणि त्यांत विकावयाचें कांहीं नसतें. कोणी त्यावर आपल्या परिसरांतील पक्ष्यांची नोंद ठेवतो, कोणी आजीच्या हातच्या पदार्थांची कृति लिहून ठेवते, कोणी गडकोटांच्या वाटा दाखवितो, तर कोणी नुसतींच आपल्या मांजराचीं छायाचित्रें लावून मोकळा होतो. यांतून कोणाला कांहीं मिळत नाहीं, आणि कांहीं मिळावें अशी कोणाची अपेक्षाही नसते.

तथापि अशा हौसेंतून केवढें काम उभें राहतें, याचें मराठींतील उदाहरण आपल्यापैकीं अनेकांनीं नकळत अनुभविलें असेल. एखाद्या जुन्या भावगीताचा अंतरा आठवत नाहीं, म्हणून आपण शोध घेतों आणि 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर जाऊन पोंचतों. गाण्याचे शब्द, गीतकार कोण, संगीत कोणाचें, गळा कोणाचा, राग कोणता, हें सारें तेथें नीटनेटकें मांडलेलें असतें. एखाद्या मोठ्या संस्थेनें समिति नेमून हें केलें असावें असें पाहणाऱ्याला वाटतें. प्रत्यक्षांत श्रीमती अलका विभास यांच्या आवडीनें आणि चिकाटीनें तें उभें राहिलें आहे. गाण्यावर प्रेम करणाऱ्या एका व्यक्तीनें घरीं बसून केलेलें हें काम आज मराठी घरांत कोशासारखें वापरलें जातें.

हा छंद नवा म्हटला, तरी त्याची नाळ जुनी आहे. ज्यांचें शिक्षण मराठी शाळेंत झालें त्यांना वर्गाचें हस्तलिखित आठवत असेल. जाड पांढरे कागद आणावयाचे, पेन्सिलीनें समास आंखावयाचे, ज्याचें अक्षर सुंदर त्याच्याकडे लिहिण्याचें काम सोंपवावयाचें, ज्याला चित्रें काढतां येतात त्यानें मुखपृष्ठ रंगवावयाचें. मथळे लाल शाईनें, मजकूर निळ्या शाईनें. कोणाची कविता, कोणाची सहलीची हकीकत, शेवटच्या पानावर कोडीं. मग स्नेहसंमेलनाच्या दिवशीं ती एकुलती एक प्रत टेबलावर मांडलेली असे, आणि आपला मजकूर ज्या पानावर आहे तें पान उघडें राहावें म्हणून मुलें टेबलाभोंवतीं घोटाळत असत. छापखान्याचा खर्च नाहीं, विक्री नाहीं, जाहिरात नाहीं; आणि आनंद मात्र काठोकाठ.

मोठ्या माणसांनींही हा मार्ग कमी लेखलेला नाहीं. साने गुरुजी १९२४ सालीं अमळनेरच्या शाळेंत शिक्षक म्हणून आले, आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. त्या काळांत त्यांनीं छात्रालयांतील मुलांसाठीं 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक चालविलें होतें. आपल्या हातानें लिहावयाचें आणि छात्रालयांतील मुलांनीं तें वाचावयाचें, एवढाच त्याचा प्रपंच. 'विद्यार्थी' हें त्यांचें मासिक १९२८ सालचें. वाचक किती, असा हिशेब त्या दैनिकापुरता मांडला, तर छात्रालयांत मुलें जेवढीं तेवढे वाचक. परंतु त्या संख्येवरून त्या लिहिण्याची किंमत ठरवावी असें आपल्यापैकीं कोणी म्हणणार नाहीं. स्वतःचें संकेतस्थळ हें माझ्या मतें या हस्तलिखिताचेंच धाकटें भावंड आहे. फरक इतकाच कीं येथें टेबल एका शाळेंतलें नसून जगाच्या चव्हाट्यावरचें आहे.

आणि हें टेबल मांडणाराच्या मनांतही हाच हेतु होता. स्वित्झर्लंडांत जिनिव्हाजवळ सर्न नांवाची पदार्थविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथें काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनीं १९८९ सालीं, निरनिराळ्या संगणकांवरील कागदपत्रें एकमेकांस दुव्यांनीं जोडण्याची कल्पना मांडली, आणि १९९० सालच्या अखेरीस ती प्रत्यक्षांत आणली. हीं पानें पाहण्याचें जें साधन, ज्याला ब्राउझर म्हणतात, त्याचा पहिला नमुना त्यांनीं असा केला होता कीं त्यांत पान वाचतांही येई आणि लिहितांही येई. वाचणारा आणि लिहिणारा या दोन जाती त्यांना मान्य नव्हत्या. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही सारी विद्या कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुली करून टाकली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमनें सामान्य नागरिकाला इंटरनेट देण्यास आरंभ केला. लिहिण्याचा तो मूळ अर्धा भाग मात्र मधल्या काळांत आपल्या विस्मरणांत गेला, आणि आपण बहुतेक सारे नुसते पाहणारे झालों.

आतां हें पान घडतें कसें तें सांगतों. प्रथम एक भीति दूर करावयास हवी. हें काम इंजिनियरांचें, आपल्या आंवाक्याबाहेरचें, अशी एक समजूत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर शाळेंत मुलांना शिकविलेला मनुष्य आहें. मला या कामीं इंग्रजी मुळाक्षरें आणि लक्षपूर्वक वाचण्याची संवय यांपलीकडे कशाचीही गरज लागलेली नाहीं. संगणकावर साधा मजकूर लिहिण्याची नोटपॅड नांवाची जी वही असते ती उघडावी. आपला मजकूर मराठींत लिहावा, आणि त्याच्या मागेंपुढें कोनी कंसांत कांहीं खुणा घालाव्या. 'एच्' अक्षर आणि एकाचा आंकडा अशी खूण घातली म्हणजे मधला मजकूर मोठा मथळा होतो. 'पी' घातलें म्हणजे परिच्छेद होतो. 'ए' या खुणेंत दुसऱ्या पानाचा पत्ता घातला म्हणजे दुवा होतो, आणि त्या शब्दावर बोट ठेवतांच वाचक त्या पानावर जातो. या खुणांच्या पद्धतीला एच्. टी. एम्. एल्. असें नांव आहे. व्याकरण अगदीं थोडें आहे: उघडलेली खूण काम झाल्यावर तिरपी रेघ देऊन मिटावी. न मिटल्यास ठळक अक्षरांचा एक शब्द सांगितलेला असतां खालचा सारा मजकूर ठळक होऊन बसतो. ज्यांनीं प्रुफें तपासलीं आहेत, किंवा निबंधाच्या वह्या लाल शाईनें तपासल्या आहेत, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाहीं.

फाइल योग्य नांवानें ठेवून उघडली, कीं आपण लिहिलेलें पान समोर उभें राहतें. येथवर इंटरनेटची जोडणीही लागत नाहीं. मग समास केवढा, अक्षर किती उंच, मथळा कोणत्या रंगाचा, हें ठरविण्याचे निराळे नियम असतात. त्यांतील एक आंकडा बदलावा, पान पुन्हां उघडावें, तों समास रुंदावलेला दिसतो. केलेल्या बदलाचें फळ इतक्या तत्काळ समोर येणें हें या छंदाचें खरें व्यसन आहे. कलम लावणारा कळीसाठीं महिनेच्या महिने थांबतो. येथें रात्रीं जेवण झाल्यावर एका मथळ्याचा रंग बदलण्यासाठीं बसावें, आणि बारांचे ठोके ऐकूं यावे.

शिकण्याची रीतही मोठी उदार आहे. संगणकावर कोणतेंही पान पाहत असतां तें कशा खुणांनीं बांधलें आहे तें उघडून पाहतां येतें. आतां मोठ्या व्यापारी संकेतस्थळांचें आंतलें लेखन यंत्रानें केलेलें आणि वाचण्यास दुर्बोध असतें. परंतु हौशी माणसाचें पान उघडून पाहिलें, तर सुताराच्या कारखान्यांत उभें राहून सांधा कसा बसवितात तें पाहावें, तसें सारें दिसतें. आमच्या लहानपणीं अक्षर सुधारण्यासाठीं कित्ता गिरवीत असत. येथें जगांतलें प्रत्येक साधें पान हा एक कित्ता आहे.

जागेचा प्रश्न तर मुळींच कठीण नाहीं. गणिताची संवय असल्यामुळें मीं त्याचा हिशेब मांडून पाहिला. संगणकांत इंग्रजी अक्षर एक बाइट जागा घेतें, आणि देवनागरींतील अक्षर, काना, मात्रा ही प्रत्येक खूण तीन बाइट घेते. म्हणजे आपली लिपि तिप्पट महाग. तरीही हजार शब्दांचा मराठी मजकूर सुमारें २० किलोबाइटांत मावतो. २०१३ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या निओसिटीज नांवाच्या ठिकाणीं हौशी लोकांना अशा पानांसाठीं १ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. तीत असलीं ५० हजार पानें राहतील. मनुष्य जन्मभर लिहीत बसला तरी तें कोठार भरणार नाहीं. उलट मोबाइलवर काढलेलें एकच मोठें छायाचित्र असल्या शंभर दीडशें पानांची जागा खाऊन टाकतें.

देवनागरीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. आपल्या लिपीनें छापखान्याला जेवढें दमविलें तेवढेंच संगणकालाही दमविलें. खिळे जुळविण्याच्या काळीं काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें धरून कित्येक शें खिळ्यांची मांडणी जुळाऱ्यापुढें असे. संगणक आला तेव्हां प्रत्येकानें आपापला टंक केला, आणि ज्या टंकांत पान लिहिलें तो वाचणाराजवळ नसला म्हणजे त्याच्यापुढें मराठीच्या जागीं अर्थहीन चिन्हांची रांग येई. युनिकोड नांवाच्या संकेतानें १९९१ सालीं जगांतील लिप्यांना एकच क्रमांकयोजना दिली आणि तींत देवनागरीचा समावेश झाला, तेव्हां या घोटाळ्याच्या अंताचा आरंभ झाला. पुढें संगणकांवर सर्रास दिसूं लागलेला 'मंगल' हा टंक आपल्या र. कृ. जोशी या सुलेखनकारांनीं घडविलेला आहे. २०१४ सालापासून तर संकेतस्थळाचें नांवही देवनागरींत घेऊन त्यापुढें 'भारत' असें लावण्याची सोय झाली आहे.

याहून एक लहान गोष्ट मला फार आवडते. मराठी 'ल' आणि 'श' यांचीं वळणें हिंदींतील वळणांहून वेगळीं आहेत. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेसंबंधीं जो निर्णय काढला त्यांतही हीं मराठी वळणें नमूद आहेत. परंतु संगणकाला हें आपोआप कळत नाहीं. पानाच्या आरंभीं 'या पानाची भाषा मराठी' असें सांगणारी एक दोन अक्षरांची खूण घालण्याची सोय आहे. ती घातली, आणि टंक चांगला असला, कीं पानावरचे सारे 'ल' आणि 'श' मराठी वळण घेतात. शाळेंत फळ्यावर 'ल' काढून दाखविण्यांत ज्याचीं वर्षें गेलीं त्याला त्या क्षणीं काय वाटलें असेल तें मी निराळें सांगत नाहीं.

येथपर्यंत साधनांचें बोललों. आतां या साधनांनीं लिहावयाचें काय? याचें उत्तर ज्यानें त्यानें आपापल्या अंगणांत शोधावें. मी राहतों तें भुकूम हें गांव मुळशी तालुक्यांत, पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भूगांव आणि पिरंगूट यांच्या दरम्यान आहे. पुण्याच्या बाणेर आणि औंध या भागांतील लोक ज्या रामनदीच्या पुलांवरून रोज जातात, तिचा उगम आमच्या खाटपेवाडीकडचा. तेथून ती भूगांव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी उतरत औंधाजवळ मुळा नदीला मिळते. हा सारा प्रवास वीस किलोमीटरांहून कमी आहे. शहरांतील लोक पुष्कळदां तिला नाला म्हणतात, कारण त्यांच्यापाशीं पोंचेपर्यंत तिची तशी अवस्था होते. माझ्या संकेतस्थळाचा पहिला भाग या नदीचा आहे. नदीच्या प्रत्येक ठिकाणाला एक पान दिलें आहे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशीं दोन दुवे आहेत: एक उगमाकडे, दुसरा संगमाकडे. वाचणारा वाटेल तेथून आंत शिरतो आणि दुव्यांवर बोट ठेवीत वर किंवा खालीं जातो. छापील पुस्तकांत पानांचा क्रम एकच असतो. येथें नदीच्या दोन्ही दिशांना वाट आहे.

दुसरा भाग शेतांच्या नांवांचा आहे, आणि तो करतांना छंदाला थोडें गंभीर वळण लागलें. मुळशी हा भाताचा मुलूख. येथील आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध आहे. भाताच्या खाचरांना, माळांना, ओढ्यांच्या वळणांना लोकांनीं पिढ्यान् पिढ्या नांवें देऊन ठेवलेलीं असतात. कोणतें आंब्याखालचें, कोणतें विहिरीवरचें, कोणती चिंचेची पट्टी, अशा धर्तीचीं तीं नांवें असतात. कांहींचा अर्थ लागतो, कांहींचा लागत नाहीं. ज्यांनीं सातबाराचा उतारा पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल कीं त्या कागदावर 'शेताचें स्थानिक नांव' अशी एक जागा मुद्दाम ठेवलेली आहे. ती पुष्कळदां कोरी असते. सरकाराला गट क्रमांक पुरतो, खरेदी करणाराला क्षेत्रफळ पुरतें. आणि हल्लीं आमच्या बाजूला शेतें भराभर इमारतींखालीं जात आहेत. शेत गेलें म्हणजे त्याचें नांव घेण्याचें कारणच उरत नाहीं, आणि तें तोंडीं असलेलीं माणसें आतां ऐशींच्या घरांत आहेत.

मीं वही घेऊन अशा कांहीं वृद्धांपाशीं बसण्यास आरंभ केला. एका आजीबाईंनीं बांधावर उभें राहून, समोरच्या इमारतींकडे बोट दाखवीत, ओळीनें सात खाचरांचीं नांवें सांगितलीं. इमारतींवर पाटी होती ती इंग्रजी नांवाची. मीं नांवें लिहून घेतलीं, घरीं येऊन एक साधा नकाशा काढला, आणि त्यावर नांवें मांडून पान तयार केलें. पुढच्या खेपेस मोबाइलवर तें पान त्यांना दाखविलें. त्यांना वाचतां येत नाहीं. मीं मोठ्यानें वाचलें. तिसऱ्या नांवाशीं त्यांनीं मला थांबविलें आणि बांध कोणत्या अंगाला होता तें सांगितलें. त्या रात्रीं रेघ सरकवून मीं पान दुरुस्त केलें. छापील पुस्तकांत ही दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहत राहिली असती, आणि असल्या पुस्तकाला दुसरी आवृत्ति कोठून यावी? एक पथ्य मात्र मी पाळतों. नांवें शेतांचीं लिहितों, मालकांचीं लिहीत नाहीं. जमिनीची गोष्ट नाजूक असते. हौसेनें कोणाच्या घरांत कज्जा उभा राहूं नये.

हें ऐकून माझे स्नेही विचारतात, "मास्तर, हें वाचणार कोण?" प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळ आहे. पहांटे दारापुढें रांगोळी काढणारी गृहिणी, ती किती जणांनीं पाहिली याचा आंकडा ठेवीत नाहीं. दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे उभे करतात, गुहेंत वाघ ठेवतात. येणाऱ्याजाणाऱ्यानें थांबून पाहिलें तर मुलांना हर्ष होतो, हें खरें; पण कोणी थांबणार नाहीं म्हणून किल्ला न करणारा मुलगा मीं पाहिलेला नाहीं. शिवाय, वाचक येत नाहीं असें म्हणणेंही घाईचें आहे. शेताच्या नांवाचा शोध घेणारा मनुष्य आणखी तीस वर्षांनीं येईल, आणि त्याच्यासाठीं तें पान असणें वा नसणें यांत फार मोठें अंतर आहे. मराठी ही जगाच्या जाळ्यांत कशी दिसते, हें सरकारी निर्णयांवर आणि वृत्तपत्रांवर सोंपवून चालणार नाहीं. विहिरींचीं, वाणांचीं, ओव्यांचीं, खेळांचीं, स्वयंपाकघरांतलीं जीं लहान पानें आहेत, तीं ज्याला आवड आहे त्यानेंच लिहिलीं तर लिहिलीं जातील.

दुसरा प्रश्न तरुण मंडळी करतात. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें निघालीं आहेत. त्यांना दोन वाक्यें सांगितलीं कीं संबंध संकेतस्थळ क्षणांत तयार होतें, मग खुणा शिकण्याचे कष्ट कशाला? गोष्ट खरी आहे, आणि ज्याला दुकान थाटावयाचें आहे त्यानें तें अवश्य करावें. परंतु बाजारांत प्लास्टरचा तयार किल्लाही विकत मिळतो. तो आणून अंगणांत ठेवला तर दोन मिनिटांचें काम होतें, आणि मुलांचे हात कोरडे राहतात. ज्या कामांत करण्याचाच आनंद आहे, तें काम वांचविण्यांत कसली बचत?

या छंदाची एक दुबळी बाजू आहे, ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. हीं पानें वाटतात तितकीं चिरंजीव नसतात. १९९४ सालीं अमेरिकेंत जिओसिटीज नांवाचें एक ठिकाण निघालें. तेथें हौशी लोकांना फुकट जागा मिळे, आणि विषयांप्रमाणें वस्त्या पाडून त्यांत घरांसारखे क्रमांक दिलेले असत. लक्षावधि लोकांनीं तेथें आपलीं घरें मांडलीं. १९९९ सालीं याहू कंपनीनें तें विकत घेतलें, आणि २००९ सालच्या ऑक्टोबरांत बंद करून टाकलें. कांहीं स्वयंसेवकांनीं धांवपळ करून जमेल तेवढीं पानें उतरवून घेतलीं, म्हणून आज त्यांतील पुष्कळ भाग पाहावयास तरी मिळतो. आपल्याकडे घराघरांत पोंचलेलें ऑर्कुटही २०१४ सालीं असेंच बंद झालें. शाळेच्या हस्तलिखिताला वाळवी आणि कसर यांचें भय, तर या पानांना कंपनीच्या मर्जीचें भय. म्हणून मूळ फाइली नेहमीं आपल्या घरीं ठेवाव्या, त्यांची एक प्रत दुसऱ्या कोणाच्या घरीं ठेवावी, आणि महत्त्वाचीं पानें कागदावर छापूनही ठेवावीं. साध्या खुणांनीं लिहिलेल्या पानाचा येथें मोठा लाभ आहे: एक ठिकाण बंद पडलें तर तीं पानें उचलून दुसरीकडे मांडण्यास अर्धा तास पुरतो. १९९६ सालीं स्थापन झालेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जगांतील पानांच्या प्रती जतन करते. तिला आपल्या पानाचा पत्ता कळविला तर तेथेंही एक प्रत राहते.

जातां जातां नियमांविषयीं एक दोन शब्द. दुसऱ्याचें लेखन, गीत वा चित्र विचारल्याशिवाय आपल्या पानावर घेऊं नये. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याच्या ग्रंथांवरील हक्क चालतो. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेलें त्यांचें वाङ्मय २०११ सालच्या आरंभापासून सर्वांना मोकळें झालें आहे. ज्यांच्यापाशीं असें मोकळें झालेलें एखादें दुर्मिळ पुस्तक असेल त्यांनीं तें अक्षर अक्षर लिहून आपल्या संकेतस्थळावर ठेवण्यासारखें पुण्य नाहीं. घरचा पत्ता, फोनचा क्रमांक, लहान मुलांचीं छायाचित्रें मात्र तेथें ठेवूं नयेत.

आरंभ करण्यासाठीं नवा संगणक हवा असें नाहीं. घरांतला जुना चालेल. मुलाबाळांनीं टाकून दिलेला असेल तर अधिकच बरा, कारण त्याला हात लावण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. पहिल्या दिवशीं एक मथळा, एक परिच्छेद आणि एक दुवा एवढेंच लिहावें. दुसऱ्या दिवशीं दुसरें पान करून पहिल्याला जोडावें. घरांत नातवंडें असल्यास त्यांना शेजारीं बसवून घ्यावें. त्यांचीं बोटें आपल्याहून चपळ असतात आणि आपलें शुद्धलेखन त्यांच्याहून बरें असतें, त्यामुळें दोघांचें काम चांगलें जमतें. आणि पहिल्या पानावर काय लिहावें हेंच सुचत नसेल, तर आपण जेथें राहतां त्या जागेवर पूर्वीं काय होतें, आणि तेव्हां तिला लोक काय म्हणत, एवढें कोणाला तरी विचारून लिहावें. विचारण्यासाठीं माणूस शोधण्यास मात्र उशीर करूं नये.